सोळा बिऱ्हाडांची गॅसलाईन

मला वाट बघता येत नाही. बसची नाही, माणसांची नाही, कुकरच्या शिट्टीचीही नाही. हा गुण मी बाबांकडून घेतला. फरक इतकाच, की मी उघड चिडचिड करते आणि बाबा येरझाऱ्या घालायचे. डोंबिवली पूर्वेच्या आमच्या दोन खोल्यांत येरझाऱ्या घालायला जागा अशी नव्हतीच. दारापासून निघालं की गॅलरीत घर संपायचं. तरी त्या वर्षी, म्हणजे आखातात युद्धाचं वारं सुटलं त्या नव्वद साली, बाबांनी गणपतीपासून दिवाळीपर्यंत ती फरशी झिजवली. मी समोर पुस्तक धरून बसायचे आणि त्यांच्या पायांकडे बघून माझंच डोकं फिरायचं.

बाबा ठाण्याला एका ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. जमिनीखालून गॅस नेणाऱ्या पाईपलाईनची ड्रॉइंग्ज काढणं हे त्यांचं काम. समुद्रातून निघालेला गॅस गुजरातच्या किनाऱ्याला लागतो, तिथून तो पार उत्तरेपर्यंत खताच्या आणि विजेच्या कारखान्यांना न्यायचा, तर तो कुणाच्या शेताखालून न्यायचा, रूळ कुठे ओलांडायचे, व्हॉल्व्ह कुठे ठेवायचे, हे सगळं ट्रेसिंग पेपरवर बारीक रेघांत. जेवायला बसलं की तेच. "गॅस सापडणं फार मोठं नाही," ते म्हणायचे. "तो वाटेत न अडता पोचला पाहिजे. मोठी नदी आली की आम्ही एकच नळी टाकून मोकळे होत नाही, शेजारी दुसरी टाकतो. एक बिघडली तर दुसरी चालू." नदी ओलांडून होईपर्यंत आमच्या ताटातली आमटी गार व्हायची.

आणि एवढ्या सगळ्या गॅसची काळजी वाहणाऱ्या या माणसाच्या घरी, ओट्याखाली, एकच लाल सिलिंडर होता. दुसऱ्यासाठी अर्ज केलेला होता. तेव्हा दुसरा सिलिंडर मिळणं म्हणजे टेलिफोन मिळण्यासारखंच, मुलं मोठी होईपर्यंत आला तरी नशीब समजायचं.

त्या एका सिलिंडरवर आई पोळ्या करून विकायची. समोरच्या काकू नोकरी करायच्या, संध्याकाळी दमून यायच्या, त्यांना आधी हौसेने चार करून दिल्या, मग त्यांच्या बहिणीला, मग बहिणीच्या बिल्डिंगमधल्या सगळ्यांना. असं करत करत आमच्या दाराला संध्याकाळी डबे लटकायला लागले. पाटी नव्हती. बाबा त्याला "तुझं ते पोळ्यांचं" म्हणायचे. वाईट हेतूने नाही, त्यांना दुसरा शब्दच सुचला नव्हता. पण आई त्या "ते"वर दर वेळी पोळपाट जरा जोरात ठेवायची. मला ऐकू यायचं.

गणपतीनंतर एका संध्याकाळी बाबा चपला काढता काढताच म्हणाले, "दिवाळीनंतर आपण बडोद्याला जातोय. साईट ऑफिस तिथे हलवलंय. कॉलनीत क्वार्टर मिळणार."

आई तव्यावरची पोळी उलटत होती. ती म्हणाली, "बघू. दिवाळी तर होऊ दे."

बाबांचा चेहरा खुलला. मला हसावं की रडावं कळेना. आईचं "बघू" या घरात कुणाला माहीत नव्हतं? दारावर साड्या विकायला येणाऱ्याला ती "बघू" म्हणायची. टिटवाळ्याच्या आत्याने माझ्यासाठी स्थळ सुचवलं तेव्हा "बघू" म्हणाली होती, आणि त्या मुलाचं दुसरीकडे लग्न होऊन त्याला मूलही झालं. पण बाबांनी "बघू" ऐकलं, होकार धरला आणि कामाला लागले. माझं कॉलेजचं शेवटचं वर्ष, म्हणून मला त्याच आत्याकडे ठेवायचंही त्यांनी मनातल्या मनात ठरवून टाकलं. आत्याकडे देवपूजा संपल्याशिवाय चहा मिळत नसे, आणि तिची पूजा लवकर संपत नसे.

बडोद्याच्या कॉलनीत सगळ्यांच्या बायका घरीच. तिथे पोळ्या विकत कोण घेणार? गेलो असतो तर आईचं काम तिथल्या तिथे संपलं असतं. ती हे बोलली नाही. तिने वेगळंच केलं. ठाण्याच्या एका सरकारी ऑफिसातल्या बायकांची दिवाळीच्या फराळाची ऑर्डर घेतली. चकल्या, करंज्या, शंकरपाळे, चिवडा, आणि एका डब्यात मावेल एवढं नाही, पोत्याने. आवडलं तर पुढे सणासुदीचं सगळं तुमच्याकडूनच, असं त्या म्हणाल्या होत्या. मला आईचा डाव कळला. ऑर्डर नीट गेली तर धंदा पायावर उभा राहणार, आणि उभा धंदा मोडून ये असं म्हणायची बाबांची छाती होणार नाही. फसली, तर "बघू"चं "चला" व्हायला कितीसा वेळ? त्या दिवाळीत आमच्या घरी चकली नुसती चकली नव्हती. हे बाबा सोडून सगळ्यांना माहीत होतं, म्हणजे आई आणि मी.

आणि नेमका तेव्हाच गॅस गायब झाला.

बाबा पेपर घेऊन बसायचे आणि माझा शाळेतला नकाशासंग्रह उघडायचे. "ही बघ सामुद्रधुनी. केवढीशी आहे! अर्ध्या जगाचं तेल या चिंचोळ्या वाटेने जातं. इथे कुणी आडवा झाला की झालं." आपल्या सिलिंडरातला गॅस थोडा उरणकडून येतो, थोडा रिफायनरीतून, थोडा बोटीने बाहेरून, हे ते मला बोटाने दाखवायचे. त्यांचं बोट आखातातून निघून अरबी समुद्र ओलांडून डोंबिवलीला यायचं आणि थांबायचं. पुढे नकाशात काही नव्हतं. पुढे गॅस एजन्सीची खिडकी होती, आणि तिच्यात "स्टॉक नाही" अशी पाटी. नंबर लावायचा आणि विसरून जायचं. रॉकेलचीही तीच गत. गल्लीत सिलिंडरच्या ट्रकचा खणखणाट झाला की अख्खी बिल्डिंग गॅलरीत येऊन उभी राहायची, आणि ट्रक पुढच्या गल्लीत वळला की तशीच आत जायची. मी कॉलेजला जाताना कान मागे ठेवून चालायचे. झोपेतही मला तो खणखणाट ऐकू यायला लागला होता.

बाबांच्यातला ड्राफ्ट्समन जागा झाला तो याच दिवसांत. एका रविवारी सोसायटीची मीटिंग होती, पाण्याच्या टाकीबद्दल. टाकी राहिली बाजूला, बाबा उभे राहिले आणि म्हणाले, सोळा बिऱ्हाडांत निदान सोळा सिलिंडर आहेत, काहींकडे डबल आहेत, सगळ्यांचे एका दिवशी संपत नाहीत. मग एकमेकांना जोडून घेतलं तर कुणाचीच चूल बंद पडणार नाही. कल्पना सगळ्यांना एकदम पसंत पडली. आणि मग आमच्या डोंबिवलीकरांचं जे होतं ते सुरू झालं.

"अहो, आमचा आहेच की! हक्काने घेऊन जा," समोरच्या काकू म्हणाल्या.

"विचारायचं काय त्यात? आपल्यात परकं कोण आहे?" दुसऱ्या मजल्यावरचे रिटायर्ड काका म्हणाले.

तिसरा मजला तर गहिवरलाच. एकटं "नाही" आलं ते तळमजल्यावरच्या बाईंकडून. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहायच्या, स्वयंपाक जेमतेम, त्यामुळे त्यांच्याकडे एक भरलेला सिलिंडर कायम असायचा. त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, "मला यात धरू नका. मी माझा सिलिंडर देणार नाही." लोक एकमेकांकडे बघायला लागले. वर जाताना जिन्यात काकू म्हणाल्या, "बोलायची काही पद्धत असते की नाही! वेळ आली की देतील, जातायत कुठे."

बाबांनी त्या आठवड्यात खरोखर ड्रॉइंग काढलं. सोळा चौकोन, चौकोनांत खोली नंबर, आणि या घरातून त्या घरात जाणारे बाण. आमच्या चौकोनाकडे तीन बाण येत होते. बाईंचा चौकोन त्यांनी कोरा ठेवला. त्यांचा हात सुंदर होता, जिन्याखालच्या फळ्यावर ते लावलं तेव्हा पोस्टमनही थांबून बघून गेला.

आईने ते पाहिलं तेव्हा तिचे हात पिठाने भरलेले होते. ती हसायला लागली. "अहो, तुम्ही हे सगळं खरं धरलंत?"

"म्हणजे काय? त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलंय."

"सांगितलंय हो. म्हणायचं असतं तसं." मग बाबांचा चेहरा बघून तिने हसू आवरलं. "असू दे. छान काढलंय मात्र."

फराळाचा मुख्य दिवस बाबांच्या सुट्टीचा पाहून ठरवला होता. करंज्या आदल्या दिवशी झाल्या होत्या. सकाळपासून आई चकल्यांना बसली. मी सोऱ्या दाबत होते, दंड भरून आले होते, आणि किती झाल्या, किती राहिल्या हे दर घाण्याला विचारून आईला वैताग आणत होते. अर्धं पीठ संपलं असेल नसेल, तेवढ्यात कढईखालची ज्योत बसली. आधी निळी होती ती पिवळट झाली, मग शेगडीच्या तोंडाशी नुसती थरथरत राहिली, मग गेली. कढईतल्या चकल्या तेल पीत पडून राहिल्या. बाहेर काढल्या तेव्हा ओल्या बोळ्यासारख्या लागत होत्या.

मला रडू फुटायचं बाकी होतं. आई झारा हातात धरून बसली. आणि बाबा, मला आजही खरं वाटत नाही, बाबा जवळजवळ खूश झाले. त्यांच्या लाईनची पहिली परीक्षा होती. "थांबा," ते म्हणाले, "आपल्याकडे तीन बाण आहेत." शर्ट घालून निघाले, मला सोबत घेतलं, रिकामा सिलिंडर दाराशी आणून ठेवला.

पहिला बाण समोरच्या काकूंचा. काकूंनी दार उघडलं, आत बोलावलं, बसवलं. बाबांनी आखातावर बोलायला सुरुवात केली. काकू "हो ना, हो ना" करत होत्या. बाबा सामुद्रधुनीवर आले. मी त्यांच्याकडे बघतेय, ते माझ्याकडे बघत नाहीत. तेव्हा माझ्या लक्षात आलं की बाबांना मागता येत नाही. आयुष्यात त्यांनी कुणाकडे काही मागितलंच नव्हतं. ते ठरवायचे, आखायचे, सांगायचे. समोरच्याच्या दारात उभं राहून "द्या" म्हणायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. तिकडे घरात चकलीचं पीठ आंबायला लागलं असणार आणि हा गृहस्थ अजून अरबी समुद्रात. शेवटी मीच बोलले, "काकू, आमचा गॅस संपला. तुमचा सिलिंडर हवाय."

काकूंचा चेहरा पडला. "अगं बाई. आमचाही संपतच आलाय, करंज्या व्हायच्यात गं अजून. नाहीतर दिला नसता का? पण बाईंकडे आहे ना भरलेला! आम्ही तर त्यांच्याच भरवशावर आहोत."

दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी आम्हाला घरात घेतलं नाही, दारातच खांदे पाडून उभे राहिले. त्यांच्या सुनेचं अनारशांचं पीठ तयार होतं. "तुम्ही असं करा, खाली बाईंना विचारा. मी त्यांचंच धरून चाललोय." तिसऱ्या मजल्यावरच्या बाणाला कुलूप होतं. दिवाळीला गावी गेले होते, सिलिंडर आत.

उरल्या बाई. जिना उतरताना बाबा म्हणाले, "त्यांनी नाही म्हटलं होतं." मी म्हटलं, "वेळ आली की देतील." काकूंचंच वाक्य माझ्या तोंडी आलेलं.

बाईंनी जाळीच्या दाराआडूनच आमच्याकडे पाहिलं. "गॅस ना? तुम्ही काही पहिले नाही या आठवड्यात. सगळी बिल्डिंग येऊन गेली. माझी बहीण येतेय नागपूरहून, मला लागणार आहे. आणि मी तेव्हाच सांगितलं होतं."

"हो," बाबा म्हणाले. "तुम्ही सांगितलं होतं."

मग ते फळ्यासमोर उभे राहिले. बराच वेळ. मला वाटलं फाडतात की काय, पण ते नुसते बघत होते. "सगळे बाण शेवटी इथेच येतात," त्यांनी बाईंच्या कोऱ्या चौकोनावर बोट ठेवलं. "आणि इथून काही निघत नाही. शिवाय दिवाळी सगळ्यांची एकाच आठवड्यात येते, हे माझ्या डोक्यातच नाही आलं गं." मला त्यांचा इतका राग आला होता की मी काहीतरी बोलणार होते. पण ते इतके खजील दिसत होते की माझ्याने बोलवलं नाही. माझे बाबा मला पहिल्यांदाच लहान वाटले, आणि ते मला अजिबात आवडलं नाही.

आम्ही वर आलो तर आईने पदर खोचलेला. तिने आमची वाट पाहिलीच नव्हती. तेलाचे दोन मोठे पत्र्याचे रिकामे डबे तिने माळ्यावरून काढले होते आणि शेजारच्या बिल्डिंगमधल्या सुतारकाम करणाऱ्या माणसाकडून त्यांना खाली भोकं पाडून घेतली होती. "कल्याणला वखारीत जा," ती म्हणाली. "लाकडाचा भुसा आणा. कोरडा बघून घ्या. ओला निघाला तर नुसता धूर होतो."

भुशाची शेगडी मी ऐकून होते, पाहिली नव्हती. आईच्या माहेरी, कल्याणला, रोज त्याच शेगडीवर स्वयंपाक व्हायचा. लग्न होऊन गॅसच्या घरी आली म्हणून तिला मैत्रिणींनी चिडवलं होतं म्हणे. बाबा आणि मी कल्याणच्या वखारीत गेलो, दोन पोती भुसा रिक्षात कोंबून आणला. रिक्षावाला आम्हाला उतरवल्यावर सीट झटकत होता आणि तोंडाने काय म्हणत होता ते लिहिण्यासारखं नाही.

गच्चीवर आईने बाबांना शिकवलं. डब्याच्या मधोमध मुसळ उभं धरायचं, भोवती भुसा भरायचा, ठासायचा, आणि मुसळ अलगद वर ओढून घ्यायचं, म्हणजे मध्ये गोल बोगदा राहतो. खालून पेटवायचं. बाबांनी पहिला डबा असा ठासला की त्याच्यात हवा शिरेना. "अहो, भिंत नाही बांधायची," आई म्हणाली, आणि तिने तो उकरून पुन्हा भरायला लावला. दुसरा जमला. बोगद्यातून लालभडक धग वर यायला लागली. ही आच कमी-जास्त करता येत नाही. कढईच उचलायची आणि खाली ठेवायची. आईने तसंच केलं, दिवसभर, चिंध्या हाताला गुंडाळून. तिचे डोळे लाल झाले होते. मी शेजारी बसून चकल्या पाडत होते आणि पहिल्यांदाच त्या दिवशी, "किती राहिल्या" असं विचारत नव्हते.

दुपारी जिन्यावर पावलं वाजली. धूर बघून बिल्डिंग वर आली होती. काकूंच्या हातात करंज्यांचं ताट, काकांच्या सुनेच्या हातात अनारशांचं पातेलं, मागे आणखी दोघीतिघी. एव्हाना सगळ्यांचाच गॅस बसला होता. काकू हसत हसत पुढे आल्या. "वहिनी, काय आयडिया काढलीत हो! एवढ्या तळून घेते पटकन. आपल्यात काय विचारायचं."

आईने वर पाहिलं. तिचं तोंड काळं झालं होतं, कपाळावर भुसा चिकटला होता. ती म्हणाली, "नाही."

काकूंना वाटलं ती थट्टा करतेय.

"नाही, आत्ता नाही. माझी ऑर्डर आहे. ती होईपर्यंत शेगडीला कुणी हात लावायचा नाही. उन्हं उतरली की मोकळी होईल, तेव्हा या. भुसा मी ठेवते."

सून पहिली खाली गेली. काकूंनी ताटावरचं फडकं नीट केलं आणि त्याही गेल्या. मला इतकं बरं वाटलं की मी टाळी वाजवणार होते. संध्याकाळी त्या सगळ्या परत आल्या, काकूसुद्धा. जरा फुरंगटून आल्या, पण आल्या, आणि आईने सांगितल्याप्रमाणे भुसा ठेवला होता.

पण त्याआधी, शंकरपाळ्यांचा शेवटचा घाणा कढईत असताना, बाबा तिच्यासमोर उकिडवे बसले. ते बराच वेळ गच्चीच्या या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत फिरत होते, ती "नाही" म्हणाली तेव्हापासून. ते म्हणाले, "तू बडोद्याला येणार आहेस का?"

आईने झारा माझ्या हातात दिला. "नाही."

"मग तेव्हा 'बघू' का म्हणालीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? चपला काढता काढता सांगितलंत. सांगितल्यावर काय म्हणायचं? बघू म्हटलं."

बाबा खाली बघत होते. "मी क्वार्टर बघून आलोय. कोपऱ्यावरचं मागून घेतलं. ओटा मोठा आहे त्याचा, इथल्या दुप्पट." मग म्हणाले, "आणि दोन सिलिंडर मिळतात. कधीच अडत नाही तिथे."

मी कढईकडे बघत राहिले. शंकरपाळे लाल व्हायला लागले होते आणि मला ते काढायचं भान नव्हतं. तो ओटा बाबांनी तिच्या पोळ्यांसाठी मागून घेतला होता. त्यांना वाटलं होतं, हिला गॅसची ददात आहे, ती मिटवली की झालं. मला हुंदका आला, आणि तो कुणासाठी आला ते मला सांगता आलं नसतं. मला बडोद्याला जायचं नव्हतंच, मी जिंकले होते, तरी.

"माहीत आहे," आई म्हणाली. तिचा आवाज फार हळू होता. "तरी नाही."

"बरं," बाबा म्हणाले. मग त्यांनी माझ्या हातातून झारा घेतला आणि शंकरपाळे काढले.

ऑर्डर ठाण्याला वेळेवर पोचली. चकल्यांना धुराचा जरासा वास होता. तिथल्या एका बाईने तो ओळखून विचारलं, आईने काय झालं ते सरळ सांगितलं. संक्रांतीचे तिळगूळ त्यांनी आमच्याकडूनच घेतले.

बाबा तुळशीच्या लग्नानंतर एकटेच बडोद्याला गेले. आमच्याकडे फोन नव्हता. दर रविवारी सकाळी ते तिकडच्या बूथवरून समोरच्या काकूंकडे फोन करायचे आणि आम्ही दोघी त्याआधी बराच वेळ काकूंच्या सोफ्याच्या कडेला बसून असायचो. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची. बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला. "गॅस आहे ना?" आई म्हणायची, "आहे." मग माझा अभ्यास, मग बडोद्याची थंडी, मग पैसे पडायला लागले की फोन बंद. गॅस कधी असायचा, कधी नसायचा. आईचं उत्तर एकच.

जानेवारीत युद्ध खरंच पेटलं. टीव्हीवर आकाशात हिरवे ठिपके उडायचे आणि आमच्या एजन्सीच्या खिडकीला तर आता नुसतं फळकूट लावलेलं. त्या रविवारी फोन वाजला, आईने उचलला.

"गॅस आहे ना?"

"आहे."

मग बाबा इतक्या मोठ्याने बोलले की मलाही ऐकू आलं. "अगं, मी सांगत नाहीये. विचारतोय."

आईने माझ्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या काकूंकडे, मग भिंतीकडे तोंड केलं.

"नाहीये," ती म्हणाली. "कधीचा संपलाय. भुशावरच करतेय सगळं. गच्ची चढून चढून गुडघे गेलेत माझे. खोकला जात नाही. आणि दुपारी घर खायला उठतं. दुपारी तुम्ही कधीच नसायचात म्हणा, पण आता जास्त नसता."

काकू आत निघून गेल्या.

"मी येऊ का?" बाबांनी विचारलं.

"नको. कामं टाकून येऊ नका. आणि इकडून मी पण येणार नाही." तिने डोळे पुसले, रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "तुम्ही नुसतं ऐका."

त्या दिवशी आई बोलत राहिली आणि बाबा ऐकत राहिले. किती पैसे पडले असतील बूथवर, त्यांनी मध्ये फोन ठेवला नाही.